पाव किलो पाव : शब्द एक, की दोन, की त्याहून जास्त?

पोफळ

मराठीत ‘पाव’ म्हणजे एक चतुर्थांश. ‘पाव’ म्हणजे पोदेर (पाववाला) सकाळी सायकलीवरून आणतो तोही. ‘देवी नवसाला पाव’ यातला पाव तिसरा. पोर्तुगीजमध्ये ‘पाव’ म्हणजे लाकूड, दांडका. मलेशियात सारण भरून वाफवलेल्या गोळ्याला ‘पाव’ म्हणतात. हवाईयन भाषेत ‘पाउ’ म्हणजे ‘झालं, संपलं’.

एवढासा शब्द. एक व्यंजन, एक स्वर, शेवटी ओठ मिटता मिटता राहिलेला ‘व’. तरी अर्थ सहा.

विचारायचं आहे ते असं. यातले कोणते एकमेकांचे सख्खे, कोणते पाहुणे म्हणून आलेले आणि कोणते नुसते सारखे दिसणारे? ‘मला वाटतं’ पुरेसं नाही, ठरवायची रीत हवी. गोव्यात पोर्तुगीज, कोंकणी, मराठी, कन्नड सगळ्या हाताशी आहेत, तेव्हा उदाहरणं इथलीच द्यावीत.

तिठा

सोपं आहे. चार भाग करून खायचा म्हणून पाव.

रानमोगरी

आणि पायाने पीठ तुडवत म्हणून पाव, हेही सगळीकडे सांगतात. दोन्ही खरं कसं असेल?

खाजन

दोन्ही खरं नाही.

चार भागांची गोष्ट घ्या. लादीत सहा, आठ, बारा, कितीही पाव असतात. आपल्याकडचा उंडो तर सुटाच भाजतात, त्याला लादीच नाही. पोयी, कात्रो, कांकण हे प्रकारही चौथाईचे नाहीत. मग चौथा भाग कशाचा?

पायाच्या गोष्टीसाठी तर शब्दाचा मराठी घाट बघणंही पुरे. पायाने तुडवून केलेल्या वस्तूला मराठी माणूस नुसता ‘पाव’ म्हणणार नाही, काहीतरी प्रत्यय लावील.

खाण्याचा पाव पोर्तुगीज आहे आणि मूळ उच्चार नाकातला: पांव. याचा पुरावा या एका शब्दात शोधू नका, रांगेत शोधा. पोर्तुगीज शब्दांच्या शेवटी जो नाकातला ‘आंव’ येतो, तो कोंकणीत कसा उतरला ते पाहा. जुवांव हे नाव. २४ जूनला विहिरीत उड्या मारतात तो सांजांव, म्हणजे संत जुवांव. किरिस्तांव. सेबास्तियांव. ही सगळी एकाच साच्यातून निघाली आहेत आणि ‘पांव’ त्याच रांगेत बसतो. मराठीत येताना नाकातला सूर गळला आणि ‘पाव’ उरला.

एका शब्दाचं साम्य योगायोग असू शकतं. पाच शब्द एकाच जागी एकाच तऱ्हेने बदलले तर तो नियम.

म्हादईकाठ

खाजनबाबांना दुजोरा. पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत गेलेल्या शब्दांवर मूळ काम एका गोंयकारानेच केलंय. बार्देशातल्या आसगावात १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद. १९१३ साली त्यांनी पोर्तुगीज शब्दांचा आशियाई भाषांवरचा प्रभाव मांडला आणि १९१९ ते १९२१ मध्ये दोन खंडांचा मोठा कोश काढला. तो चाळणाऱ्याला एक गोष्ट लगेच दिसते: उसना शब्द एकटा येत नाही, वस्तू घेऊन येतो. चावी, जनेल, मेज, बटाटा, घमेलं. भट्टीत भाजलेली आंबवलेली रोटी तशीच आली आणि नाव सोबत आलं.

सांजवात

इथेच जपानीचं उदाहरण द्यायला हवं. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ साली. जपानीत ब्रेडला आजही पान म्हणतात, तो हाच शब्द. श्रीलंकेत सिंहलीतही ‘पान्’. जपानीत शब्दाच्या शेवटी नाकातला ‘न्’ हक्काने येऊ शकतो, म्हणून त्यांनी ‘पांव’चं नाक ठेवलं आणि ‘व’ सोडला. मराठीने ‘व’ ठेवला आणि नाक सोडलं. बंगालीत पाउरुटी, म्हणजे पाव अधिक रोटी, एकाच गोष्टीची दोन नावं एकाला एक जोडलेली.

आता मराठी ‘पान’ शेजारी ठेवा. संस्कृत पर्ण, त्यातला ‘र’ आणि ‘ण’ मिळून प्राकृतात पण्ण, मग पान. जपानी पानाशी त्याचं काही नातं नाही. पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे महाशय. ग्रीकमध्ये ‘सर्व’. चार भाषा, चार पानं.

तिठा

मग मलेशियातला पाव? तोही पोर्तुगीजच असणार. मलाक्का १५११ पासून त्यांच्याकडे होतं, मकाव १५५७ पासून. तिथेही तोच शब्द, अर्थही जवळपास तोच. यापेक्षा काय पुरावा हवा?

सांजवात

नाही ना! हाच सगळ्यात फसवा. तो चिनी आहे. चिनीत त्या शब्दाचा अर्थ ‘गुंडाळणे, पुडकं’. सारण कणकेत गुंडाळलेलं, म्हणून ते नाव. क्रियापद म्हणूनही तो आजही वापरात आहे, चिनी चिन्ह तेच, सूर तोच. साध्या ब्रेडला मँडरिनमध्ये ‘म्येन्‌पाव’ म्हणतात, शब्दशः ‘पिठाचं पुडकं’. ‘पांव’ची मुळं लॅटिनमध्ये, चिनी ‘पाव’ची चिनीत, आणि ही दोन्ही पोर्तुगीज जहाजं पूर्वेला निघण्याच्या आधीची.

म्हणजे बघा, तिठाबाब: चिनी पाव दिसायला अगदी आपल्या पावासारखा, खायचाही, आणि नात्याचा नाही. जपानी पान तसा दिसत नाही आणि सख्खा. दिसण्यावर जाऊन चालत नाही ते यासाठी.

तिठा

मान्य. मलाक्काचा मुद्दा मागे घेतो.

कुळागर

पोफळताईंनी विचारलेली रीत कोणी सांगितली नाही अजून. मी मांडतो.

पहिलं, शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप गाठायचं. आजच्या रूपांची तुलना करायचीच नाही. लॅटिनकडून आलेल्या पोर्तुगीज नामांच्या बाबतीत कोशात दिसणारं प्रथमेचं रूप नव्हे तर द्वितीयेचं घ्यायचं, कारण पोर्तुगीज नाम बहुतेक त्यावरून घडलंय. पानिस नव्हे, पानेम. इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

दुसरं, त्या भाषेचे झीज होण्याचे नियम लावायचे. पोर्तुगीजने लॅटिनमधून येताना दोन स्वरांमधली तीन व्यंजनं खाल्ली.

‘न’ गेला आणि जाताना नाकातला सूर ठेवून गेला: पानेम → पांव, मानुम (हात) → मांव, कानेम (कुत्रा) → कांव.
‘ल’ गेला: मालुम (वाईट) → माव, पालुम (खांब, मेख) → पाव, म्हणजे ताईंचा लाकडाचा पाव, दोलोरेम (वेदना) → दोर, कोलोरेम (रंग) → कोर.
‘द’ गेला: पेदेम (पाऊल) → पे, कादेरे (पडणे) → कायर, सेदेम (आसन) → से.

शेवटचा ‘से’ म्हणजे जुन्या गोव्यातलं से कथेड्रल. बांधकाम १५६२ ला सुरू, १६१९ ला पूर्ण. ‘से’ म्हणजे धर्माध्यक्षांचं आसन. आपल्या ‘सदन’, ‘संसद’ मधला ‘सद्’ धातू म्हणजे बसणे, तो याच लॅटिन शब्दाचा चुलत भाऊ. पोर्तुगीजने ‘द’ खाल्ला, आपण तत्सम म्हणून जपला.

तिसरं, अर्थाच्या बाबतीत कडक राहायचं. ‘साधारण जवळचा अर्थ’ अशी सूट दिली की कशाचंही कशाशी जुळतं.

चौथं, उसना असेल तर वाट दाखवता आली पाहिजे: कोणी, कुठून, कोणत्या वस्तूबरोबर.

मानस

कुळागरबाब, पोर्तुगीजची झीज सांगितलीत, मराठीचीही सांगायला हवी. मला तरी या धाग्याचं खरं मर्म तिथे दिसतं.

वररुचीच्या प्राकृतप्रकाश या जुन्या प्राकृत व्याकरणात सूत्र आहे: ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’. दोन स्वरांमध्ये सापडलेले क, ग, च, ज, त, द, प, य, व बहुधा लोपतात. महाराष्ट्री प्राकृताने हे इतक्या सढळ हाताने केलं की शब्दांत नुसते स्वर उरले. सूची → सूई → सुई. मृदु → मउ → मऊ. पाद → पाअ.

‘पाअ’ असा उघडा शब्द बोलायला अवघड, म्हणून मध्ये सांधा घातला. कुठे ‘य’, कुठे ‘व’. पाद → पाय आणि पाव. हीच जोडी इतरत्र बघा: घात → घाय (घायाळ मधला) आणि घाव. राजा → राय आणि राव. म्हणजे चालण्याचा पाय आणि मोजण्याचा पाव हे जुळे. चौपायी जनावराचा एक पाय म्हणजे चौथा भाग. श्लोकाचा चरण म्हणजे पाद तो याच हिशेबाने.

सव्वा म्हणजे सपाद, पाऊण म्हणजे पादोन, एक पाद ऊन.

नवसाला पावणारा ‘पाव’ यांच्यातला नाही. तो प्राप् धातूचा. ‘प’चा पूर्ण लोप न होता ‘व’ झाला, दीप → दिवा, ताप → ताव, तसाच. कोंकणीत त्याचा जुना अर्थ जिवंत आहे: ‘घरा पावलो’, म्हणजे पोचला.

आता दोन्ही बाजू एकत्र ठेवा. लॅटिन पानेम आणि संस्कृत पाद यांच्यात साम्य ते फक्त ‘पा’चं. तिकडे पोर्तुगीजने मधला ‘न’ खाल्ला, इकडे प्राकृताने मधला ‘द’ खाल्ला. पोटातलं व्यंजन गेल्यावर दोघंही एकाच मापाचे झाले. साम्य मूळचं नव्हतंच, झिजून आलंय. नदीतले गोटे वेगवेगळ्या दगडांचे असले तरी गोल होत जातात तसं.

रानमोगरी

मऊ आणि माव! मृदुचा ‘द’ गेला, मालुमचा ‘ल’ गेला. आपल्याकडे मऊ, त्यांच्याकडे वाईट. पोदेराकडे गेलेल्या पोर्तुगीजाला ‘मऊ पाव’ ऐकून ‘वाईट लाकूड’ वाटेल.

पोफळ

वा, हे फार आवडलं. मानसताई, एक शंका. मग पोर्तुगीज ‘नाव’, मोठं जहाज, आणि आपली नाव? तेही झिजूनच सारखे झाले?

मानस

नाही, तिथे नातं खरं आहे. संस्कृत नौ, लॅटिन नाव्हिस, एकाच मूळ शब्दाची दोन रूपं. दोन्हीकडच्या जुन्या रूपांत ‘न’, लांब ‘आ’ आणि ‘व’ जागच्या जागी आहेत. मागे जाल तसं साम्य वाढतं, ही खऱ्या नात्याची खूण. पाव आणि पांव यांच्यात मागे जाल तसं साम्य घटतं. हा एक फरक डोक्यात ठेवला तरी अर्धं काम होतं.

आपल्याकडे दोन ‘नाव’ आहेत, एक पाण्यावरची आणि एक माणसाचं. माणसाचं नामन् वरून, म्हणून जुन्या शुद्धलेखनात ‘नांव’ असं अनुस्वार देऊन लिहीत. त्याचा पोर्तुगीज भाऊ ‘नोम’. अनुस्वार गेला आणि दोन्ही एकसारखे झाले, पांव आणि पावसारखेच.

शिरवड

मुळात पोर्तुगीज आणि मराठी ‘असंबंधित’ नाहीतच, हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवं. दोन्ही एकाच भारोपीय कुळातल्या. सात-सेत, आठ-ओय्तु, नऊ-नोव्ह, देव-देउस. ‘देव बरें करूं’ मधला देव आणि पोर्तुगीज प्रार्थनेतला देउस एकाच मुळाचे. उलट ग्रीक ‘थेओस’ अर्थाने तोच, कानाला देउससारखा, पण वेगळ्या मुळाचा.

हे साम्य पहिल्यांदा युरोपीय माणसाच्या ध्यानात आलं ते गोव्यातच. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, त्यांनी १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं म्हटलंय. दोन वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने इटालियन आणि संस्कृतमधले देव, साप, सात, आठ, नऊ असे शब्द नोंदले. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असं सांगणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ साली.

तिठा

म्हणजे सगळं संस्कृतातूनच गेलंय म्हणा की.

शिरवड

तसं नाही. भाऊ-भाऊ आहेत, बाप-लेक नव्हेत. लॅटिनमध्ये असं बरंच काही आहे जे संस्कृतातून निघू शकत नाही.

आणि नातं नसतानाही पूर्ण शब्द अर्थासकट जुळू शकतो. ऑस्ट्रेलियात म्बाबाराम नावाची भाषा होती. तिच्यात कुत्र्याला म्हणत ‘दॉग’. इंग्रजीतून घेतलेला वाटेल, पण नाही. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी शेजारच्या भाषांवरून दाखवून दिलं की मूळ शब्द ‘गुदागा’. यिदिन्य भाषेत तो तसाच आहे, जिर्बालमध्ये ‘गुदा’. म्बाबाराम शब्दाचं पहिलं अक्षर टाकायची, स्वर बदलायची, आणि झिजत झिजत ‘दॉग’ उरलं. पुन्हा तेच, आखूड झाला आणि आदळला.

कुळागर

आखूड शब्दच का आदळतात याचा हिशेब करता येतो. समजा दोन भाषांत प्रत्येकी २० व्यंजनं आणि ५ स्वर. व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घाटाचे (मार, सोल, दोर) २० × ५ × २० = २००० आकार शक्य. प्रत्येक भाषेने त्यातले ५०० वापरले तर निव्वळ योगायोगाने ५०० × ५०० ÷ २००० = १२५ आकार दोन्हीकडे सापडतील. तीन अक्षरी घाट (व्यंजन-स्वर तीनदा) घेतला तर शक्य आकार १० लाख. तिथे प्रत्येकी ५०० शब्द घेतले तर जुळणी येते पाव, म्हणजे एकसुद्धा पुरती नाही, जवळपास शून्य.

प्रत्यक्षात जुळण्या हिशेबापेक्षा जास्तच, कारण प, म, न, क आणि ‘आ’ जवळपास सगळ्या भाषांना लागतात. म्हणून तीन-चार अक्षरी शब्द अर्थासकट जुळला तर कान टवकारा. एकाक्षरी जुळला तर आधी संशय घ्या.

रानमोगरी

मग इथे १२५ पैकी काही लिहून काढू. पहिलं रूप मराठी/कोंकणी.

मार : इकडे फटका. पोर्तुगीज समुद्र. फारसीत साप. सिरियाक भाषेत ‘स्वामी’, केरळात सिरियन ख्रिस्ती बिशपांच्या नावाआधी लागतो तो.
सोल : इकडे भिंडाचं (कोकमाचं) वाळवलेलं साल, सोलकढीतलं. पोर्तुगीज सूर्य. तुर्की डावा. रशियन मीठ, फक्त ‘ल’ मऊ.
बोल : इकडे बोलणं, तबल्याचे बोल, आणि लग्नाच्या ओज्यातला (भेटीच्या खाऊतला) बोलही, तो पोर्तुगीज ‘बोलु’ म्हणजे केक. तुर्की भरपूर. रशियन वेदना, इथेही ‘ल’ मऊ.
दोर : इकडे दोरखंड. पोर्तुगीज वेदना.
कर : इकडे क्रियापद, हात, कर भरायचा तो, शिवाय अर्ध्या गोव्याच्या आडनावांचं शेपूट. तुर्की बर्फ.

म्हादईकाठ

साल घाला. मराठीत फळाचं साल (स्त्रीलिंगीही चालतं), वर्ष या अर्थाचं साल फारसी. पोर्तुगीज साल म्हणजे मीठ. फ्रेंचमध्ये मळका. तुर्की तराफा.

तिठा

मग साष्टीतल्या नदीचं ‘साल’ हे नावही मिठावरून? बेतुलजवळ खारं पाणी, मिठागरं, सगळं जुळतं.

म्हादईकाठ

नदी साळ, ‘ळ’ आहे. पोर्तुगीजमध्ये ‘ळ’ नाही म्हणून त्यांच्या लिपीत तिचं मीठ झालं. तालुका साष्टी हा सासष्ट गावांवरून, तिसवाडी तीस वाड्यांवरून, तसा. रोमन लिपीत लिहिलेली गोव्यातली गावनावं वाचून व्युत्पत्ती लावू नये. ल-ळ, त-ट, द-ड, अनुस्वार, सगळं त्यात सपाट होतं.

खाजन

आणि देवनागरीही सपाट करते, हे या धाग्यात आपण सगळेच विसरतोय! पोर्तुगीज ‘पाव’ (लाकूड) आणि ‘पांव’ (रोटी) त्यांच्या कानाला स्वच्छ वेगळे. आपण अनुस्वार गाळला की एक. कन्नड ‘मर’ म्हणजे झाड, पण त्यांच्याकडे शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात, ‘मर्‌अ’. मराठी वाचक ते ‘मर्’ असं वाचणार आणि झाडाचं मरण होणार. तुर्की ‘कर’चा ‘अ’ आपल्या ‘अ’ आणि ‘आ’ यांच्या मधला. रानमोगरीताईंच्या यादीतल्या निम्म्या जोड्या कानाने ऐकल्या तर इतक्या जुळणार नाहीत. यादी करायची तर उच्चार ऐकून करावी.

रानमोगरी

हो, कर खोडते. मार, सोल, दोर मात्र कानालाही टिकतात.

पोफळ

थोडं विषयांतर, पण खाण्याच्या पावाबद्दल कोणी सांगेल का? पूर्वी सूर घालून आंबवत म्हणतात. ‘सूर’ हाही तसाच आखूड शब्द.

शिरवड

माडाची सूर. रेंदेर (सूर काढणारा) माडाच्या पोयीवर, म्हणजे फुलोऱ्यावर, धार देऊन मडकं बांधतो. ताजा गोड रस म्हणजे नीरो. हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे तो काही तासांतच फसफसतो, मग ती सूर. पोदेराला हीच मधली अवस्था हवी. लवकर वापरली तर यीस्ट कमी, पीठ फुगत नाही. जास्त ठेवली तर विनेगर व्हायला लागते. आम्लामुळे पाव आंबट होतो, पीठही सैल पडतं. विकतच्या यीस्टपेक्षा फुगायला वेळ जास्त लागतो, पण चव त्या वेळातच येते. आता बहुतेक ठिकाणी यीस्टच.

शब्द संस्कृत सुरा. गाण्याचा सूर स्वर वरून, म्हणजे मराठीतले हे दोन सूर वेगळे. स्पॅनिशमध्ये ‘सुर’ म्हणजे दक्षिण. आणि हो, मी वर ‘पोयी’ लिहिलं ती माडाची, कोंड्याची पोयी वेगळी. हेही घ्या यादीत.

सांजवात

पाय राहिला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘पाय’ म्हणजे वडील, ‘शापाय’ आजोबा. पोर्तुगीज ‘पाय’ हे ‘पाद्रे’चं लहान मुलांच्या तोंडचं रूप. पाद्रे म्हणजे पितृ, आणि त्याच पाद्रेवरून पाद्री. थाई भाषेत ‘पाय’ म्हणजे जा.

घरगुती नात्यांच्या शब्दांवरून मात्र काहीही सिद्ध करू नका. म, प, ब, द हे मुलांच्या तोंडून पहिल्यांदा निघणारे आवाज, आणि ते कोणाला चिकटवायचे ते मोठी माणसं ठरवतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी ते समजावून दिलंय. जॉर्जियनमध्ये ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. आपला मामा आईचा भाऊ. तिघांपैकी कोणी कोणाकडून घेतलेला नाही.

पाणथळ

उशिरा आलोय. खऱ्या अर्थाने वेगळ्या कुळातली भाषा इथे फक्त कन्नड, आणि तिच्याकडे कोणी नीट गेलंच नाही.

‘काय’ घ्या. मराठीत प्रश्न. कन्नडमध्ये ‘कायि’ म्हणजे कच्चं फळ, नारळ, तेंगिनकायि मधलं. पोर्तुगीजमध्ये ‘काय’ म्हणजे ‘तो पडतो’, कुळागरबाबांनी दिलेल्या कायर चं रूप, तिथेही ‘द’ गेलेला. माडाखाली उभं राहून तीन भाषांत एकदाच ‘काय’ म्हटलं तर पूर्ण संवाद होतो: काय? नारळ. पडतोय.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. इथे सगळे आवाज सारखा आणि अर्थ वेगळा असं शोधतायत. कन्नडमध्ये याचं उलट सापडतं. कन्नड कालु म्हणजे पाय. आणि कालु म्हणजेच पाव, एक चतुर्थांश. ‘कालु केजी’ म्हणजे पाव किलो. तमिळमध्येही ‘काल्’ म्हणजे पाय आणि चौथा भाग. संस्कृत पाद, मराठी पाय-पाव, आणि वेगळ्या कुळातला कालु. आवाज कुठेच जुळत नाही, पण पायावरून चौथाई मोजायची कल्पना एकच. मराठी ‘काल’ (गेलेला दिवस) याच्याशी त्याचा संबंध नाही, तो दिसण्यापुरता.

मानस

पाणथळबाब, हे फार महत्त्वाचं आणलंत. शेजारी राहिलेल्या भाषा शब्द घेत नाहीत तेव्हाही विचाराचा घाट घेतात.

आणि पोफळताईंच्या मूळ प्रश्नातला एक धागा यावरून सुटतो. मोजण्याच्या ‘पाव’चा पोर्तुगीज नातेवाईक कोणता, हे अजून कोणी सांगितलं नव्हतं. तो ‘पांव’ नाही, ‘पाव’ही नाही. तो पे. लॅटिन पेदेम, संस्कृत पाद, दोन्ही पाऊल, दोन्हीकडचा ‘द’ झिजून गेला. कानाला पे आणि पाव कुठेच जुळत नाहीत, आणि खरं नातं मात्र त्यांचंच.

पोफळ

म्हणजे पाव किलो पाव मधला पहिला पाव पायाचा, दुसरा पानेमचा. पिठात पाय नव्हता, वजनात होता.

खाजन

बरोबर. फक्त गोव्यात पोदेर पाव नगावर देतो, किलोवर नाही. तेव्हा हे दोन पाव इथे एका वाक्यात क्वचितच भेटत असतील.

कुळागर

पाणथळबाब, कन्नडमध्ये पाऊण कसं म्हणतात?

पाणथळ

मुक्कालु. ‘मू’ म्हणजे तीन, तीन कालु. मराठी पूर्णातून एक पाद वजा करते, कन्नड तीन पाय मोजते. सव्वा मात्र दोघांचं सारखं, एकावर एक पाय: मराठीत सपाद, कन्नडमध्ये ‘ओंदूकालु’.